वल्हं कुणी चोरलं?

ठाण्यात १९९५च्या पुढेमागे ज्यांची लग्नं झाली, त्यांनी आपली लग्नाची कॅसेट एकदा काढून बघावी. सुरुवातीलाच अंधार असेल, ढोल वाजेल, आणि एक घोगरा आवाज म्हणेल, "एक मंडप. दोन घराणी. आणि एक मामा, ज्याला कोणीच विचारलं नाही." मग दोन मिनिटं नुसती धमाल, आणि त्यानंतर ते नेहमीचं तीन तासांचं लग्न, जे आजवर कोणी पूर्ण पाहिलेलं नाही. तशी कॅसेट निघाली, तर ती जनी तांडेलने केलेली आहे. नौपाड्यात तिचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नाला ट्रेलर जोडायची कल्पना तिचीच, आणि तो घोगरा आवाज तिच्याबरोबर कॉलेजात असलेल्या दगडूचा. लोक ट्रेलर दहादा बघायचे आणि लग्न सुरू झालं की कॅसेट काढून ठेवायचे. जनीला त्याचं काही वाटायचं नाही. ती म्हणायची, लग्नाला गोष्ट नसते बाई, शेवट आधीच माहीत असतो.

तर ही जनी. माझी विद्यार्थिनी. मी ठाण्याच्या कॉलेजात मराठी शिकवत होते आणि ही पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे न बघता फळ्याच्या वरच्या मोकळ्या भिंतीकडे बघत असायची. एकदा मी शिकवणं थांबवून विचारलं, काय दिसतंय तिथे? ती शांतपणे म्हणाली, "पोस्टर लावायला चांगली जागा आहे." तिला वर्गाबाहेर काढायच्या ऐवजी मी चित्रपट मंडळात घेतलं. मंडळ माझ्याकडे होतं, कारण दुसरं कोणी ते घ्यायला तयार नव्हतं. मला सिनेमातलं फार कळत होतं अशातला भाग नाही.

आदल्या वर्षी मंडळाच्या मुलांनी बेकारीवर एक लघुपट केला होता. त्यात एक मुलगा रुळांच्या कडेने चालत होता. चालत होता, चालत होता, आणि संपलं. हा निघालाय कुठे, असं मी विचारलं तर म्हणाले, ते प्रेक्षकांनी ठरवायचं. प्रेक्षक तोवर चहाला गेले होते. त्यामुळे १९९१च्या दिवाळीनंतर मी नियम केला: कॅमेऱ्याला कोणी हात लावायचा नाही. आधी डोळे दुखेपर्यंत ट्रेलर बघा, रस्त्यावरची पोस्टरं बघा, माणूस कशाला थांबतो आणि कशाला पुढे जातो ते शोधा. मग एका दमात तुमची गोष्ट मला सांगा. दम लागला तर गोष्ट बाद. मे महिन्यात डोंबिवलीला एका सांस्कृतिक मंडळाची विद्यार्थ्यांच्या लघुपटांची स्पर्धा होती. तिथे पाठवायचं होतं.

नियम ऐकून मंडळ निम्मं झालं, आठवड्याने त्याच्या निम्मं, आणि शेवटी दोघं उरली. एक जनी, ठाण्याच्याच खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. दुसरा दगडू, ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधला, वडील पॉवरहाऊसमध्ये होते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे सगळे फलक दगडूच्या हातचे असायचे. पुरुषभर उंचीचं अक्षर तो पट्टी न लावता सरळ काढायचा. आवाज असा की तो वर्गात "हजर" म्हणाला की शेजारच्या वर्गातले दचकायचे.

या दोघांनी माझा नियम इतका मनावर घेतला की मला पस्तावायची वेळ आली. आमच्या इमारतीखाली चांगदेवची कॅसेट लायब्ररी होती. तेव्हा कॅसेटवर सिनेमाच्या आधी दुसऱ्या सिनेमांचे ट्रेलर असत. ही दोघं कॅसेट घ्यायची, वर माझ्या घरी यायची, ट्रेलर बघायची, रिवाइंड करायची आणि चहा निवायच्या आत खाली परत द्यायची. पुन्हा दुसरी. चांगदेवला आधी वाटलं कॅसेट खराब आहेत. मग वाटलं ही मुलं चोरून कॉपी काढतायत. शेवटी तो वर आला, चप्पल दारात काढली आणि मला म्हणाला, "मॅडम, पूर्ण पिक्चर बघायचे वेगळे पैसे पडत नाहीत. सांगा ना पोरांना."

थिएटरात तर आणखी मजा. खेळाच्या आधी पंधरा मिनिटं आत जायचं, येणाऱ्या सिनेमांचे ट्रेलर बघायचे आणि मुख्य सिनेमाची पाटी पडद्यावर आली की उठून बाहेर. डोअरकीपरने पहिल्यांदा विचारलं, तब्येत बरी नाही का? पुढच्या खेपेला त्याने जनीला पाणी आणून दिलं. त्यानंतर एकदा दगडूला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, घरच्यांचा विरोध असेल तर कल्याणला माझ्या ओळखीचे एक वकील आहेत.

हळूहळू त्या दोघांना सगळं ट्रेलरसारखंच दिसायला लागलं. मी पोहे करत असताना जनी ओट्याशी उभी राहायची, दगडू दाराआडून आवाज काढायचा. "एक कढई. एक कांदा. आणि एक बाई, जिला घाई आहे." फोडणी चुरचुरली की दगडू म्हणायचा, "लवकरच." आमचे यजमान एकदा हसता हसता खुर्चीवरून घसरले. त्यांना उचलायचं सोडून दोघांनी त्यांच्या पडण्याचा ट्रेलर केला.

ट्रेलर झाले, मग पोस्टरं. कल्याणला स्टेशनच्या बाहेर एक भिंत होती, तिच्यावर वर्षानुवर्षं पोस्टरावर पोस्टर चिकटवलं जायचं. जनीने तिथे नख लावलं आणि सगळाच पोपडा सुटून हातात आला. भाकरीपेक्षा जाड, दारापेक्षा मोठा. दोघांनी तो डोक्यावर घेतला आणि लोकलच्या लगेज डब्यातून कोळीवाड्यापर्यंत आणला. वाटेत एकाने विचारलंही, पत्रा केवढ्याला दिला?

आता हे थर सुटे करायचे कसे? जनीने कोळणीच्या पोरीला सुचेल तेच केलं. आई कोळंबी धुते ते मोठं घमेलं भरलं आणि पोस्टरांचा पोपडा त्यात भिजत घातला. संध्याकाळी रंभाबाई, म्हणजे जनीची आई, बाजारातून परतली आणि घमेल्यात हात घातला, तर आतून एक नटी डोळे वटारून बघतेय. रंभाबाई घाबरणाऱ्यांतली नव्हे. तिने घरात हाक दिली, "जने, माझ्या कोलंबीच्या पान्यात ही कोन बाय निजलीय? तिला उठव, नायतर तिलापन सोलीन."

भिजलेले थर सुटे झाले. मग ते वाळवायचे कुठे? अंगणात बोंबील वाळवायच्या काठ्या होत्याच. दुसऱ्या दिवशी अख्खा कोळीवाडा बघायला आला. एका काठीवर बोंबील, एका काठीवर नायक, परत बोंबील, खलनायक, बोंबील, नायिका. पोस्टरांना नंतर कितीतरी दिवस सुक्या मासळीचा वास येत होता. माझ्या घरी ती आणली तेव्हा आमच्या जिन्यावर मांजरांनी रांग लावली.

एवढ्या पोस्टरांतून जनीला काय सापडलं? तिने येऊन मला सांगितलं ते असं. चेहरा मोठा असला की लोक बघतात, पण प्रश्न असला की थांबतात. आणि खाली तारीख, वेळ, जागा लागतेच. तारीख नसली तर ते पोस्टर नव्हे, फोटो. मी म्हटलं, ठीक. आता गोष्ट सांग. ती म्हणाली, गोष्ट अजून नाही, पण आधी पोस्टर करून बघते, लोक थांबतात का ते कळेल. हे उलटं होतं हे मला कळत होतं. पण सुलट काम करणाऱ्यांनी मला आदल्या वर्षी रुळांवरून चालवलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

पोस्टर दगडूने रंगवलं. अंगणात जनीच्या वडिलांचं वल्हं भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. समोर दिसलं म्हणून त्याने तेच काढलं, रक्तासारख्या लाल पाण्यात उभं. वर दोन मोठे डोळे. प्रश्न हवा म्हणून जनीने सुचवलं, "वल्हं कुणी चोरलं?" का, तर कोळीवाड्यात वल्ही रात्रंदिवस उघड्यावर पडलेली असतात, आणि कोणी कोणाचं वल्हं उचलत नाही. जे कधी घडत नाही त्याचा प्रश्न विचारला की माणूस थांबणारच. खाली लिहिलं: दिग्दर्शन, जनी नाथा तांडेल. चैत्र पौर्णिमा, संध्याकाळी सात, गावदेवीचं पटांगण. चैत्र पौर्णिमेला गावदेवीची जत्रा असते. जनीला वाटलं, त्या दिवशी सगळे मोकळे असतात, तारीख खरी वाटेल. बस, एवढाच विचार.

रंग ओला होता. वाळायला ऊन लागणारी, गुळगुळीत, पांढरी भिंत हवी होती. तशी भिंत गावात एकच, गावदेवीच्या देवळाची. जनीने खळ लावून पोस्टर तिथे चिकटवलं, समोरच्या उलट्या होडीवर जाऊन बसली आणि कोण थांबतंय ते बघू लागली.

सगळे थांबले. ती इतकी खूश झाली की तिला बसवेना. पण थांबलेले पुढे जाईनात. गर्दी वाढत चालली. मग म्हातारा धाकू आला. त्याने पोस्टर वाचलं, टोपी काढली आणि भिंतीला हात लावून नमस्कार केला. तेव्हा जनी होडीवरून खाली उतरली.

त्या भिंतीवर गावची जमात, म्हणजे कोळ्यांची पंचायत, सोडून कोणी काही लावत नसे. आणि जमात लावायची तेही एकाच कामासाठी: कोणाला सगळ्यांसमोर काही कबूल करायचं असलं, कोणाला शब्द द्यायचा असला, तर तो तिथे लिहायचा. तिथे लिहिलं म्हणजे देवीसमोर बोललं. शब्द पुरा होईपर्यंत ते पुसायचं नाही. जनीला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण तिच्या आयुष्यात त्या भिंतीवर कोणी काही लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिच्या दृष्टीने ती नुसती चांगली जागा होती, माझ्या फळ्याच्या वरच्यासारखी.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जी जनीला खरंच ठाऊक नव्हती. वल्हं चोरीला गेलेलं होतं. गुणाजी म्हणून जमातीचा पुढारी होता. त्याच्या वडिलांचं सागवानी वल्हं जनीच्या जन्माआधी नारळी पुनवेच्या शर्यतीच्या दिवशी नाहीसं झालं, ते मिळालंच नाही. तेव्हापासून गुणाजी बारशाला गेला तरी बोलणं वल्ह्यावर यायचं. मयताला गेला तरी खांदा बदलताना कानाशी विचारायचा, तू तर नाय ना नेलंस? शेवटी गावाने त्याच्यासमोर 'वल्हं' हा शब्दच काढायचा नाही असं ठरवलं. म्हणून जनीच्या पिढीला त्याचा पत्ता नव्हता. आणि आता देवीच्या भिंतीवर, नाथा तांडेलच्या नावाने, लाल अक्षरात तोच प्रश्न, शिवाय तारीख. गावाने त्याचा सरळ अर्थ लावला: नाथाला चोर ठाऊक आहे आणि पुनवेला तो पिक्चरमधून सगळ्यांना दाखवणार आहे.

गुणाजी चार माणसं घेऊन नाथाच्या दारात गेला. नाथा नुकताच खाडीवरून आला होता, पाय धूत होता. पोस्टर त्याने बघितलेलंही नव्हतं. गुणाजीने विचारलं, पुनवेला चोर दाखवणार हे खरं का? आता नाथाने काय करावं? माझ्या पोरीने माझ्या नावाने देवीच्या भिंतीवर काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, असं चार माणसांत सांगण्यापेक्षा त्याने खाडीत उडी घेतली असती. त्याने दुसरा पाय धुतला आणि म्हणाला, "दाखवनार."

पाहुणे गेले. नाथा जेवला. हात धुऊन मग त्याने जनीला समोर बसवलं आणि तो जे बोलला ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. "पुनवेला चोर दिसला पायजे. नाय दिसला तर तुजा कॉलेज बंद. पाटी घेयाची आनि आयशीच्या बाजूला बाजारात बसायचं." आतून रंभाबाई म्हणाली, "माझ्या बाजूला जागा नाय." पण हे काही उत्तर नव्हतं आणि ते तिघांनाही कळत होतं.

संध्याकाळी जनी माझ्याकडे आली ती धापा टाकत.

"बाई, पोस्टर चाललं."

"मग रडतेस कशाला?"

"फारच चाललं."

सगळं ऐकून मी म्हटलं, वडिलांना म्हणावं, जमातीला जाऊन खरं काय ते सांगा. ती म्हणाली, ते नाही सांगणार. मी म्हटलं, मग मी सांगते. ती म्हणाली, तुम्ही सांगितलंत तर ते मला तर घरी बसवतीलच, वर तुम्हाला मासे द्यायचे बंद करतील. शिवाय जत्रेला कल्याणहून यायचा होता तो ऑर्केस्ट्रा गुणाजीने रद्द करून टाकला होता. आता पटांगणात दुसरं काही असणारच नव्हतं. पुनवेला पंधरवडा उरला होता. गोष्ट नाही, कॅमेरा नाही, चोर नाही. मी म्हटलं, मग रडायला वेळ कुठे आहे? पिक्चर करा.

कॅमेरा मिळाला डोंबिवलीच्या हरिहरकडून. हरिहर लग्नांचं शूटिंग करायचा. लग्नसराई होती, पण दोन मुहूर्तांच्या मध्ये तो येईन म्हणाला. गोष्टीवर मात्र अडलं. दगडूला तस्करांची टोळी हवी होती. मी म्हटलं, वल्ह्याची तस्करी कोण करतं? मग तो म्हणाला, वल्ह्यात हिरे लपवलेले. मी त्याला पोहे दिले आणि गप्प बसवलं.

तोडगा निघाला तो मी जनीच्या घरी गेले त्या दिवशी. कॉलेजच्या बाई आल्या म्हणून गल्लीत जो तो मला थांबवायचा, इकडेतिकडे बघायचा आणि कानाशी लागायचा: बाई, चोर मी सांगतो, पण माझं नाव नको. जनीच्या दारापर्यंत पोचेतो माझ्याकडे इतके चोर जमले होते की गावात चोरीला न गेलेलं एखादं वल्हं उरलंच कसं, याचंच आश्चर्य वाटावं. मी आत जाऊन हे सांगितलं, तर जनी उठून उभीच राहिली. डोळे असे लकाकले की रंभाबाईने विचारलं, हिला काय चावलं?

"बाई, गोष्ट सापडली. सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं. जो तो आपापला चोर सांगेल. बाकी काही करायचंच नाही."

आणि तसंच झालं. नावाचं गुपित कोणी ठेवलं नाही, कॅमेरा बघताच सगळे ठेवणीतले कपडे घालून आले. हरिहरला लग्नाचीच सवय. तो प्रत्येकाला म्हणायचा, जरा हसा, मान थोडी तिरकी. त्यामुळे जो तो गोड हसत, मान तिरकी करून शेजाऱ्यावर चोरीचा आळ घेत होता. धाकू म्हणाला, वल्हं खाडीतल्या भुताने नेलं, ते भूत त्याच्या ओळखीचं आहे. एका सुनेने सासूचं नाव घेतलं, आणि सासू तिच्या शेजारीच बसून हरिहरच्या सांगण्यावरून हसत होती. गल्लीतल्या चंद्रभागाबाईने छातीवर हात ठेवून सांगितलं की नारळी पुनव वगैरे सगळं खोटं, गुणाजीनेच शिमग्याला पिऊन ते होळीत टाकलं. एक जण म्हणाला, वल्हं मालकाला कंटाळून आपणच निघून गेलं. गुणाजीने स्वतः अख्खी एक कॅसेट घेतली आणि वल्ह्याची लांबी, रुंदी, लाकूड, रेषा सगळं सांगितलं. शेवटी त्याचा आवाज भरून आला. हरिहर नेमका तेव्हाच म्हणाला, जरा हसा.

नाथा मात्र समोर आला नाही. एकदा चुकून फ्रेममधून गेला, तेवढी पाठ दिसली.

जोडणी डोंबिवलीला हरिहरच्या खोलीत झाली. त्याच्या मिक्सरमध्ये लग्नाचेच चमत्कार होते, दुसरे नव्हते. त्यामुळे प्रत्येक साक्षीदार बदामाच्या आकारात यायचा आणि चांदणीच्या आकारात जायचा. धाकूच्या भुताच्या वेळी हरिहरने आपणहून पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या. आम्ही चौघं जमिनीवर बसून इतके हसलो की खालच्या मजल्यावरून कोणी तरी काठी ठोकली.

फक्त एक गोष्ट राहिली होती. शेवट. चोर कुठे आहे? जनी म्हणाली, ट्रेलर संपतो तसं संपवू. शेवटी परत पोस्टर, परत प्रश्न, आणि अंधार. लोक विचार करत घरी जातील. मी म्हटलं, जने, हे तुझ्या बापाने देवीसमोर कबूल केलंय. लोक घरी जाणार नाहीत, तुमच्या घरी येतील. तिने ऐकलं, पण दुसरं काही सुचत नव्हतं आणि पौर्णिमा उजाडली होती.

पटांगणात दोन टीव्ही दोन टेबलांवर शेजारी शेजारी ठेवले होते. खाली चटया, मागे उलट्या होड्यांवर माणसं, सगळ्यांत पुढे गुणाजी. आरती झाली. दगडूने माइक घेतला. "एक खाडी. एक वल्हं. आणि एक गाव, ज्याला सगळं माहीत आहे." टाळ्या पडल्या. मग बदामातून पहिला साक्षीदार आला आणि पुढचा अर्धा तास काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. जो दिसेल त्याच्या नावाने आरोळी, ज्याचं नाव निघेल तो उठून नमस्कार करायचा. सासू-सुनेचा भाग परत लावायला लावला. चंद्रभागाबाईने होळीचं सांगितलं तेव्हा गुणाजी लाल झाला, आणि पुढच्याच क्षणी स्वतःच हसायला लागला. माझ्या शेजारी रंभाबाई पदराने डोळे पुसत होती आणि मला कोपराने ढोसत होती.

मग पोस्टर आलं. वल्हं कुणी चोरलं? आणि अंधार.

हसू थांबलं. क्षणभर सगळे तसेच बसून होते, पुढे काही तरी येईल म्हणून. काही आलं नाही. गुणाजी उठला, टीव्हीच्या जवळ गेला, काच जवळून बघितली आणि मागे वळला.

"चोर कुटं हाय?"

मी जनीकडे बघितलं. ती व्हीसीआरजवळ उभी राहून कोरी कॅसेट पुढे पळवत होती. मी उठणार, काही तरी बोलणार, एवढ्यात मागून वाट होऊ लागली. नाथा येत होता. खांद्यावर वल्हं होतं, अंगणातलं तेच, दगडूने पोस्टरवर काढलेलं. तो टीव्हीच्या उजेडात आला, वल्हं जमिनीवर टेकवलं आणि म्हणाला, "मी चोरलं."

गुणाजी पुढे झाला. त्याने वल्ह्यावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. नखाने टोकरून बघितलं, वास घेतला. ते त्याचं नव्हतं हे त्याला कळलं, नाथाला कळत होतं, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. नाथाने ते आदल्याच वर्षी करून घेतलं होतं, रंगही उडाला नव्हता.

"ह्ये माजं नाय," गुणाजी म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "पन चालंल."

त्याने ते खांद्यावर घेतलं, आणि असा काही गलका झाला की देवळातले घंटेवरचे पक्षी उडाले. धाकूने भिंतीवरचं पोस्टर स्वतःच्या हाताने उतरवलं. शब्द पुरा झाला होता. नाथाला कोणी खांद्यावर घेतलं, कोणी "चोर, चोर" करत त्याच्याभोवती नाचलं. आजही त्याला गावात चोर नाथाच म्हणतात, आणि तो मान डोलावतो.

आता पंचाईत अशी झाली की पिक्चरचा शेवट कॅसेटवर नव्हताच. डोंबिवलीच्या स्पर्धेसाठी जनी वडिलांना म्हणाली, कॅमेऱ्यासमोर एकदाच म्हणा. नाथाने साफ नकार दिला. कॅमेऱ्यासमोर मी चोर होणार नाही, माणसांसमोर झालो तेवढं बस. मग काय करायचं? तो म्हणाला, मी येतो.

आणि तो आला. मच्छीवाल्यांच्या डब्यातून वल्हं घेऊन. वल्हं आता गुणाजीच्या मालकीचं, म्हणून ते सांभाळायला गुणाजीही आला. सभागृहात पिक्चर झाला, अंधार झाला, परीक्षक कागदाकडे वळले, तोच मागच्या रांगेतून नाथा उठला, गुणाजीच्या हातून वल्हं घेतलं आणि खुर्च्यांमधून पुढे निघाला. एका परीक्षकाच्या चष्म्याला ते थोडक्यात लागता लागता राहिलं. "मी चोरलं," नाथा म्हणाला. "ह्ये माजं नाय," गुणाजी म्हणाला. "पन चालंल." लोक उभे राहिले. परीक्षकांनी बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळलं. प्रेक्षकांतून उठून येणाऱ्या गृहस्थांविषयी त्यात काही नव्हतं. शेवटी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. माझं मत विचाराल तर पहिलं द्यायला हवं होतं, पण परीक्षक म्हणजे आदल्या वर्षी रुळांवरून चालणाऱ्या मुलाला दुसरं देणारेच.

बाहेर आलो. दगडू चहा आणायला गेला. गुणाजी वल्हं खांद्यावर घेऊन पुढे उभा होता, कोणाला हात लावू देत नव्हता. जनी वडिलांशेजारी उभी राहिली. कॉलेजचं विचारायचं होतं. नाथाने तिच्याकडे बघितलं नाही. तो गुणाजीच्या खांद्यावरच्या आपल्या वल्ह्याकडे बघत होता.

"कॉलेजला जा," तो म्हणाला. "पन फुडच्या पिक्चरला दुसऱ्याच्या घरातलं काय तरी चोर."